शिळेवरचा चित्रकार फ्रान्झ हानफ्श्टेंगल

घरच्या जुन्या पेटींत एखादी शिळाछाप पोथी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस दगडावरून कागद छापतात हें ठाऊकच आहे. ही विद्या बव्हेरियांतील म्यूनिच शहरीं आलोइस सेनेफेल्डर यानें १७९८ च्या सुमारास सिद्ध केली. तिचें मर्म एवढेंच कीं, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढावें, शिळा ओली करावी आणि वरून शाईचा रूळ फिरवावा. शाई रेघांस तेवढी धरते, ओल्या दगडास धरत नाहीं. मात्र चित्र उलटें काढावें लागतें. मनुष्याचा चेहरा उलटा रेखाटून तो कागदावर हुबेहूब उतरविणें, हें काम किती कठीण असेल बरें!

या कामांत कीर्ति मिळविणारा हानफ्श्टेंगल १८०४ सालीं बायर्नराइन नांवाच्या बव्हेरियन खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. गांवच्या शिक्षकाच्या शिफारशीवरून १८१६ सालीं तो म्यूनिच येथील चित्रकलेच्या वर्गांत दाखल झाला. (हें वाक्य लिहितांना आम्हां शिक्षकांस किंचित् अभिमान वाटतो, त्याची वाचकांनीं क्षमा करावी.) पुढें तेथील कला-अकादमींत शिकून १८३३ सालीं त्यानें स्वतःचा शिळाछापखाना काढला. खडूच्या मऊ छटांनीं तो केसांची झळाळी व वस्त्राची चुणी अशी उतरवी कीं, मोठमोठीं माणसें त्याच्यापुढें बसूं लागलीं. लोक त्यास थट्टेनें ‘काउंट लिथो’ म्हणत. ड्रेस्डेनच्या राजकीय चित्रशाळेंतील नामांकित चित्रें शिळेवर उतरविण्याचें काम त्यानें १८३५ सालीं हातीं घेतलें, तें १८५२ पर्यंत चाललें. ज्यांस ड्रेस्डेनला जाणें शक्य नव्हतें, त्यांस तीं चित्रें घरबसल्या पाहावयास मिळालीं.

इतक्यांत छायाचित्रणाची कला पुढें आली. हातानें बरेच दिवस खपून काढावयाचा चेहरा यंत्र क्षणांत टिपूं लागलें! ज्यावर आपलें पोट आणि नांव, तीच कला मागें पडणार हें दिसत असतां मनुष्य काय करतो? बहुतेक जण नव्यास नांवें ठेवतात. हानफ्श्टेंगलनें १८५३ सालीं, एकुणपन्नासाव्या वर्षीं, म्यूनिच येथें स्वतःच छायाचित्रगृह उघडलें. परंतु त्याचा हात स्वस्थ बसला नाहीं. कांचेवरील छायाचित्रांतले डाग व सुरकुत्या तो कुंचल्यानें सौम्य करी. १८५५ सालच्या पॅरिस प्रदर्शनांत त्यानें सुधारलेलें व न सुधारलेलें चित्र शेजारीं शेजारीं मांडलें, अशी त्याची ख्याति आहे. यास कोणी लबाडी म्हणेल. मला तर त्यांत जुना शिळाचित्रकारच दिसतो.

१८६८ सालीं धंदा पुत्र एडगार याच्या हातीं गेला, आणि १८७७ सालीं हानफ्श्टेंगल म्यूनिच येथें निवर्तला. लांब केसांच्या फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराचें त्यानें १८५८ सालीं काढलेलें छायाचित्र अद्यापि पुस्तकांतून छापलें जातें.