फौजेतून सुटण्याची तारीख आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख

आपल्या समाजाचा आणि फौजेचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. हा इतिहास आपल्या सभा-संमेलनांतून सांगितला जातो व तो सांगितलाच पाहिजे. परंतु फौजेतून पेटी घेऊन गावी परतलेल्या माणसाचे पुढे काय होते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

हा प्रश्नही आजचा नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह दापोलीला आले, तेथून साताऱ्याला गेले आणि पुढे सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे तलावाच्या सरकारी कामावर रोखपाल म्हणून राहिले. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हे नमूद केले आहे. पेन्शन होती, तरीही दुसरी नोकरी धरावी लागली. रोखपालाच्या टेबलाशी माजी सैनिकाचे नाते असे शंभर वर्षांपूर्वीचे आहे, हे आम्हां बँकवाल्यांना सांगायला बरे वाटते.

आमच्या शाखेत सुट्टीवर आलेले जवान येत असतात. पासबुक भरून झाले की थोडे रेंगाळतात आणि विचारतात, "साहेब, दीड वर्षात पेन्शनवर येतो. मग बँकेत लागता येईल काय?" येईल, असे आम्ही सांगतो. परंतु खरा प्रश्न 'येईल काय' हा नसून 'केव्हा' हा आहे. सुटण्याची तारीख, अर्जाची तारीख आणि रुजू होण्याची तारीख या तीन तारखांचा मेळ बसला नाही, तर परीक्षेत चांगले गुण मिळवलेला माणूसही घरी बसतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रथम सुटण्याची तारीख. सरकारी नियमांच्या दृष्टीने फौजेतून आलेला प्रत्येक जण 'माजी सैनिक' नसतो. केंद्र सरकारच्या १९७९ च्या पुनर्नियुक्ती नियमांत याची व्याख्या दिलेली आहे. तिचा सर्वसाधारण अर्थ असा की, जो पेन्शन मिळवून बाहेर पडला तो माजी सैनिक. मग तो मुदत संपून सुटलेला असो वा स्वतःच्या विनंतीने. लष्करी सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा अपंगत्वाने ज्याला सोडले, किंवा पदे कमी केल्यामुळे ज्याला मोकळे केले, तोही त्यात येतो. परंतु पेन्शन पदरात पडण्याआधीच जो स्वतःच्या विनंतीने निघून आला, तो येत नाही. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. आमच्या माहितीतील एक गृहस्थ शेतीच्या वादामुळे, पंधरा वर्षे भरण्यास काही महिने उरले असताना, स्वतः अर्ज करून घरी आले. शेतीचा वाद मिटला. पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चौदा वर्षे बर्फात उभ्या राहिलेल्या त्या माणसाला भरतीच्या अर्जात साधा उमेदवार म्हणून नाव लिहावे लागले, आणि साध्या उमेदवाराची वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. घरच्यांनी निकड लावली म्हणून असा निर्णय घेऊ नये. निकड लावणाऱ्या घरच्यांनीही हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसरी तारीख अर्जाची. बहुतेक जवान असे समजतात की, आधी घरी यायचे, डिस्चार्ज बुक हाती पडले की मग जाहिराती पाहायच्या. यातच एक-दीड वर्ष निघून जाते. वास्तविक सेवेत असतानाच अर्ज करता येतो. सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीत (या पदाला २०२५ च्या जाहिरातीपासून 'ग्राहक सेवा सहयोगी' असे नाव आले आहे) अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत ज्याच्या सेवेची ठरलेली मुदत पूर्ण होते, त्याला माजी सैनिकांच्या जागेसाठी अर्ज भरता येतो. समजा, अर्जाची शेवटची तारीख २१ ऑगस्ट आहे. तर पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैला सुटणारा जवान अर्ज करू शकतो, ३१ ऑगस्टला सुटणारा करू शकत नाही. दहा दिवसांच्या फरकाने एक पूर्ण भरती हुकते, आणि ही भरती वर्षातून एकदाच असते. म्हणून सुटण्याच्या दोन वर्षे आधी मागच्या एक-दोन जाहिराती काढून त्यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. साधारणपणे पावसाळ्यात जाहिरात, त्यानंतर पूर्व व मुख्य परीक्षा आणि पुढील वर्षी निवड, असा क्रम असतो. स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्र घेते, तिच्या तारखा वेगळ्या. अर्जासाठी युनिटचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि सेवा कोणत्या दिवशी पूर्ण होणार याचा दाखला लागतो. युनिट सियाचीनला असो की राजस्थानात, हे कागद मागायला लाजू नये.

वयाची भीती मात्र बाळगू नये. लिपिक पदाची वयोमर्यादा २८ असली तरी माजी सैनिकाला केलेल्या सेवेची वर्षे अधिक ३ वर्षे एवढी सवलत मिळते. फक्त एकूण वय ५० च्या वर जाता कामा नये. १९ व्या वर्षी भरती होऊन १७ वर्षे नोकरी केलेला जवान ३६ व्या वर्षी बाहेर पडतो. त्याची मर्यादा २८ अधिक १७ अधिक ३, म्हणजे ४८ होते. शिक्षणाचेही तसेच. पदवी नसली तरी मॅट्रिक झालेल्या व १५ वर्षांहून कमी नाही अशी सेवा केलेल्या जवानाजवळ आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, तर तो लिपिक पदाला पात्र ठरतो. मात्र त्या प्रमाणपत्रावरची तारीख जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आतली हवी. पुन्हा तारीखच!

सार्वजनिक बँकांत लिपिक वर्गात १४.५ टक्के आणि शिपाई वर्गात २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. यात अपंग माजी सैनिक व युद्धात कामी आलेल्यांचे वारस यांचे ४.५ टक्के धरलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या क आणि ड गटांत हे प्रमाण १५ टक्के आहे. हे समांतर आरक्षण होय. म्हणजे अनुसूचित जातीचा माजी सैनिक निवडला गेला की तो अनुसूचित जातीच्याच जागेवर मोजला जातो. त्यामुळे जातीचा दाखलाही वेळेत हवा. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. बँकेला दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, तहसीलमधून सहज मिळणारा राज्याचा नमुना तेथे चालत नाही. राज्याच्या नोकरीला जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. हे काम एका सुट्टीत होत नाही. सुट्टी दोन महिन्यांची असली तरी लग्ने आणि पाहुणे यांत तिचे पंधरा दिवसच हाती उरतात, हे आपण सारे जाणतो. तेव्हा सुटण्याच्या तीन-चार वर्षे आधीपासून एकेका सुट्टीत एकेक कागद उरकावा.

आता तिसरी तारीख, रुजू होण्याची. निवड झाली, बँकेचे पत्र आले आणि जवान अजून सेवेतच आहे, असे पुष्कळदा घडते. शेवटची शिल्लक रजा भोगत घरी बसलेला जवानही कागदोपत्री फौजेतच असतो. तेव्हा "मी तर घरीच आहे, उद्यापासून येतो" असे परवानगीशिवाय करता येत नाही. अशा वेळी बँकेला लगेच लेखी कळवून, युनिटचा दाखला जोडून मुदतवाढ मागावी. ती देणे न देणे बँकेच्या हाती असते, पण न मागणाऱ्याला कोणीच देत नाही. उलट कोणी सहा-आठ महिने आधीच सुटून येतो आणि त्या काळात ग्रॅच्युइटीचे पैसे घर, मोटारसायकल आणि नातेवाइकांची उसनवारी यांत विरघळतात. आमच्या मते सुटण्याची आणि रुजू होण्याची तारीख यांत दोन-तीन महिन्यांचे अंतर असावे. तेवढ्यात पेन्शन सुरू झाल्याची खात्री होते, बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी होते, ओळखपत्र निघते.

विमान चालवणाऱ्या मोठ्या साहेबांची गोष्टही याहून वेगळी नाही. वायुसेनेतून निघून प्रवासी विमान कंपनीत जाणाऱ्या वैमानिकाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि नागरी परवाना असे सारे करावे लागते. मग कंपनी त्याला प्रशिक्षणाच्या तुकडीची तारीख देते. सुटकेचा आदेश त्या तारखेपर्यंत हाती आला नाही, तर ती तुकडी निघून जाते आणि पुढच्या तुकडीत मागे लागलेल्या माणसाची ज्येष्ठताही मागे राहते. म्हणून जाणते वैमानिक पेपर सेवेत असतानाच देतात आणि सुटकेची तारीख लेखी हाती आल्याशिवाय कंपनीला शब्द देत नाहीत. बँकेतही बदली व बढतीच्या वेळी रुजू होण्याची तारीख पाहिली जाते. आकाशात काय आणि खिडकीमागे काय, हिशोब एकच.

सर्वांत घातक चूक पहिल्या नोकरीच्या बाबतीत होते. माजी सैनिक म्हणून राखीव जागेचा लाभ घेऊन एकदा मुलकी सरकारी नोकरीत रुजू झाले की, त्या आरक्षणाचा हक्क संपतो. आमच्या ओळखीच्या एका बांधवाने तीन ठिकाणी अर्ज केले होते. आधी एका कार्यालयातून शिपाईपदाचे पत्र आले. घरी आई आजारी, हातचे सोडवत नाही, म्हणून ते रुजू झाले. पाच महिन्यांनी लिपिक पदाचा निकाल लागला आणि त्यात त्यांचे नाव होते. पण कागद तपासताना आरक्षण नाकारले गेले. यावर उपाय आहे, आणि तो १४ ऑगस्ट २०१४ च्या केंद्र सरकारच्या कार्यालयीन ज्ञापनात दिलेला आहे. पहिल्या नोकरीवर रुजू होतानाच, आपण याआधी कोणकोणत्या पदांसाठी कोणत्या तारखेला अर्ज केले आहेत, याचे स्वयंघोषणापत्र त्या कार्यालयाला दिले, तर त्या यादीतील पुढील नोकरीसाठी आरक्षणाचा लाभ शाबूत राहतो. एक कागद, पण तो रुजू होण्याच्या वेळी द्यायचा. त्या बांधवाला हे कोणी सांगितले नव्हते. आज तेही इतरांना सांगतात. खाजगी कंपनीत किंवा कंत्राटी पद्धतीने केलेले, केव्हाही काढून टाकता येईल असे काम यात धरले जात नाही. त्यामुळे मधल्या काळात सुरक्षारक्षकाचे काम केले तर दर्जा जात नाही.

पेन्शन बंद होईल काय, असेही विचारतात. होत नाही. शिवाय १ एप्रिल २०१० पासून बँकेत लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नसून नवीन अंशदायी योजना आहे, तेव्हा फौजेची पेन्शन हाच म्हातारपणाचा खरा आधार समजावा.

विद्यार्थी मित्रांसाठी दोन शब्द वेगळे लिहावे लागतात, कारण त्यांच्यापुढची फौज आता वेगळी आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले पुढे कायम होतात. उरलेल्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर लिहिलेले आरक्षण त्यांना लागू होत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. या मुलांचे वय अडणार नाही, कारण ते लिपिक पदाच्या वयोमर्यादेच्या आतच बाहेर येतात. अडेल ते शिक्षण. बँकेच्या लिपिकाला पदवी लागते आणि पंधरा वर्षांची सवलत चार वर्षांच्या सेवेला नाही. म्हणून बारावी होऊन भरती झालेल्याने पहिल्याच वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घालावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी जो पदवी अभ्यासक्रम ठरवला, त्यात निम्मे गुणांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरलेले आहेत. चार वर्षांत तीन वर्षांची पदवी बसते, पण उशिरा सुरू केली तर बसत नाही.

एक किरकोळ वाटणारी बाब राहिली. आपल्याकडे पुष्कळ घरांत नावे व आडनावे बदलली गेली. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, भरतीच्या वेळी दुसरे, आधार कार्डावर तिसरेच, कोठे वडिलांचे नाव 'किसन' तर कोठे 'कृष्णा'. बँकेत कागद तपासणीच्या दिवशी डिस्चार्ज बुक आणि दाखला यांतील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळवून पाहतात. सेवेत असताना ही दुरुस्ती युनिटच्या कार्यालयामार्फत पार्ट टू ऑर्डर काढून होते. सुटून आल्यावर मात्र रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. महार रेजिमेंटच्या जवानाला तो मध्य प्रदेशातील सागर येथे. बुलढाण्याहून टाकलेल्या पत्राचे उत्तर येण्यास लागणारे महिने बँक मोजत नाही. म्हणून येत्या सुट्टीत चारही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि अक्षराचा फरक दिसला तर परत जाताना शाळेच्या दाखल्याची साक्षांकित प्रत सोबत न्यावी.