धातूंचा ‘स्टॅच्यू’!

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या वर्धा जिल्ह्यात लोहाराच्या भात्यापुढे गर्दी होते. एकदा मी वर्गातल्या मुलांना तिथे घेऊन गेलो. लोहारदादांनी लालबुंद विळा पाण्यात बुडवला. चर्रर्र! याला ‘पाणी पाजणं’ म्हणतात. त्यानं विळा कडक होतो. एका मुलानं लगेच विचारलं, “गुरुजी, याहून लवकर थंड केला तर?”

प्रश्न साधा नव्हता बरं का!

तुम्ही ‘स्टॅच्यू’ खेळता ना? पळापळ चालू असताना कुणी ‘स्टॅच्यू!’ ओरडलं, की जो जिथे असेल तिथेच थिजतो. पण शाळेची घंटा झाली, की तीच मुलं वेळ घेऊन नीट रांग लावतात. धातूच्या अणूंचंही तसंच. वितळलेल्या धातूत त्यांची नुसती पळापळ. धातू निवताना ते रांगा लावतात, म्हणजे स्फटिक बनतात. लोहाराच्या पाण्यातही त्यांना रांगेपुरता वेळ मिळतोच. फक्त रांगेची तऱ्हा बदलते.

पण वेळच दिला नाही तर? साखरेचा पाक सावकाश निवला, तर खडीसाखरेचे खडे. कडक आटवून झटकन थंड केला, तर लिमलेटची पारदर्शक गोळी. ही गोळी म्हणजे साखरेची काचच! धातूची अशी काच १९६० साली अमेरिकेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली. सोनं आणि सिलिकॉन यांचा वितळलेला थेंब त्यांनी सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगानं थंड केला. अणू गोठणबिंदूच्या खाली गेले, पण रांगेत जाण्याआधीच थिजले. स्टॅच्यू!

पुढे गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर वितळलेला धातू सोडून कागदासारख्या पातळ फिती बनू लागल्या. जाड तुकडा मात्र आतून इतक्या लवकर निवत नाही. त्यावर युक्ती निघाली. लहानमोठ्या अणूंचे पाच धातू एकत्र करायचे. पहिली ते पाचवीची मुलं एकाच रांगेत उंचीप्रमाणे लावायची, तर किती गोंधळ! १९९३ साली पेकर आणि जॉन्सन यांनी असा मिश्रधातू जाहीर केला. तो सेकंदाला एखाद्या अंशानं निवला तरी काचच राहतो.

ही काच पारदर्शक नसते, धातूसारखीच चमकते. मीटरभर पट्टी दोन सेंटिमीटर ताणली तरी मूळ लांबीवर परतते. साधारण साडेतीनशे अंशांना ती मऊ होते, हवा तो आकार घेते. पण आणखी तापवली, की अणू रांगा धरतात आणि काचपण संपतं. शिवाय ताण फार झाला, तर वाकण्याऐवजी ती एकदम तुटते.

हिचा उपयोग? गावातली विजेची डीपी बघा. तिच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतं. त्यात उष्णता होऊन वीज वाया जाते. घरोघरचे दिवे बंद असले तरी, रात्रंदिवस! लोह, बोरॉन आणि सिलिकॉनच्या काचफितींचा गाभा घातला, तर ही नासाडी सुमारे एक तृतीयांशावर येते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा जाळून वीज बनते, हे आठवा. वाचलेली वीज म्हणजे वाचलेला कोळसा!

पाहिलंत? धातू तेच, पण रांगेला वेळ मिळाला की नाही, यावर गुण ठरले. मात्र उद्या प्रार्थनेला रांग मोडून “गुरुजी, आम्ही काच झालोय!” असं सांगू नका हं!