तोरणमाळला जाताना: बेत, बोचकी आणि दशम्या

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातले, सातपुड्याच्या माथ्यावरचे थंड हवेचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ११०० मीटरांहून अधिक आहे. यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईची दरी, मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरखनाथांचे मंदिर ही तिथली ठळक स्थळे मनात आणले तर एका दिवसात पाहून होतात. पण धावतपळत पाहून त्याच संध्याकाळी घाट उतरणाऱ्याच्या पदरी तोरणमाळ पडत नाही. येथे निदान तीन रात्री काढाव्यात. महाबळेश्वर किंवा माथेरान येथे इंग्रजी अमदानीपासून बाजारपेठ वाढत गेली, त्यामुळे घरी विसरलेली वस्तू तिथे विकत मिळते. तोरणमाळला मोजकी दुकाने आहेत. सुट्टी निवांत जाणार की धावपळीत, हे घाट चढण्यापूर्वी, घरच्या माजघरात आणि वाटेवरच्या शहाद्याच्या बाजारात ठरते.

जिल्ह्याची ओळख थोडक्यात अशी: धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. त्याचे सहा तालुके आहेत, वस्ती मुख्यतः भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांची आहे. दक्षिणेकडे तापीचे सपाट खोरे आणि उत्तरेला सातपुडा. नंदुरबार स्टेशन सुरत–भुसावळ मार्गावर आहे.

बेताची सुरुवात हंगामापासून होते. पावसाळ्यात सीताखाईत धबधबा कोसळतो आणि पठारावर दिवसभर धुके असते. पण घाटात दरड येण्याची भीतीही तेव्हाच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेसाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविकांची रीघ लागते. ती यात्रा स्वतंत्रपणे अनुभवण्यासारखी आहे, मात्र ज्याला शांतता हवी त्याने तो आठवडा टाळावा. मुक्कामासाठी पर्यटन महामंडळाचे निवास आणि वनखात्याचे विश्रामगृह आहे. खोल्या थोड्या असल्याने आरक्षण पक्के झाल्याशिवाय निघू नये.

रेल्वेने येणाऱ्याने नंदुरबारला उतरावे. तिथून प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर असा रस्ता आहे. प्रकाशाला तापी ओलांडावी लागते. या गावाला दक्षिण काशी म्हणतात, आणि तिथल्या केदारेश्वराचे दर्शन व नदीकाठची घटकाभर विश्रांती वाटेतच उरकता येते. धुळ्याकडून येणारे दोंडाईचा–सारंगखेडा मार्गाने शहाद्याला पोहोचतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा या मार्गाला दोन तास जास्त धरावेत. शहाद्यात पेट्रोल, रोख पैसे, औषधे आणि भाजी घ्यावी. शहादा–तोरणमाळ एसटी आहे, पण परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. वळणावळणांचा सातपायरी घाट उजेडी चढावा. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आवळासुपारी आणि लिंबू हाताशी असावे.

कपड्यांचा हिशेब उंचीवरून मांडता येतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नंदुरबारची उंची सुमारे २०० मीटर, म्हणजे वर सहा अंशांचा फरक सहज पडतो. मे महिन्यात खाली पारा ४० अंशांपलीकडे गेलेला असताना हा फरक सुखावतो. डिसेंबरच्या रात्री तोच अंगात शिरतो. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे न्यावेत, कारण दुपारी ऊन चांगले लागते. कानटोपी, मोजे, पकड असलेले बूट आणि माणशी एक चादर एवढे पुरे. पूर्वी प्रवासाला वळकटी असे. अंथरूण-पांघरूण आणि कपडे गुंडाळून दोरीने आवळले, की पसारा हातात मावे. आजच्या पिशवीतही कपडे घडी करण्यापेक्षा गुंडाळून भरावेत. जागा वाचते आणि चुण्या कमी पडतात. विजेरी मात्र विसरू नये.

आता शिदोरी. तोरणमाळच्या तयारीत सर्वाधिक विचार जिचा करावा, ती हीच. खानदेशाजवळ या बाबतीत पिढ्यांचे शहाणपण आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे दशमी. साधी भाकरी पाण्यात मळतात, दशमीचे पीठ दुधात. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे पाण्यात मळलेली भाकरी निवली की काही तासांत कडक होते. दुधातली स्निग्धता दशमीला मऊ ठेवते. दूध उकळून, चिमूटभर मीठ घालून, गरम असतानाच पीठ भिजवावे आणि भरपूर मळावे. दशमी भाकरीपेक्षा पातळ थापावी. भाकरीला तव्यावर पाण्याचा हात फिरवतात. दशमीला फिरवायचाच तर दुधाचा. आच मंद ठेवावी, कारण दुधामुळे ती लवकर करपते. गोडाची हौस असेल तर गव्हाच्या पिठात दुधाबरोबर गूळ विरघळवून दशम्या कराव्यात. मुले त्या वाटेतच संपवतात, म्हणून थोड्या जास्त कराव्यात.

दशमी करण्याइतकेच बांधण्याचेही तंत्र आहे. गरम दशम्या डब्यात कोंडल्या तर वाफेचे पाणी होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. त्या सुती फडक्यावर एकेक पसरून पूर्ण निवू द्याव्यात, मग चळत करून कोरड्या फडक्यात बांधाव्यात आणि तेच बोचके डब्यात ठेवावे. थंडीत अशा दशम्या दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. पावसाळी दमट हवेत एक दिवस कमी धरावा. जुन्या काळी दशमीला आणखी एक मान होता. दुधात भिजवलेले असल्याने ते अन्न खरकट्यात धरत नसत, त्यामुळे सोवळे पाळणारी माणसेही वाटेत ती निःशंकपणे खात. टिकाऊपणा आणि रूढी अशा दोन्ही कसोट्यांना उतरलेले प्रवासाचे दुसरे अन्न या मुलखात नाही.

दशमीबरोबर कोरडे तोंडीलावणे न्यावे: शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि लोणचे. ओला ठेचा पहिल्या दिवशीच संपवावा. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात. लाल मिरच्यांनी झाकलेली ती मैदाने हंगामात रस्त्यावरून दिसतात. तिथली मिरची या चटणीत असली की थंडीत जेवणाला खरी ऊब येते. ज्वारीच्या बिबड्या हलक्या असतात आणि निखाऱ्यावर क्षणात भाजतात. जाड तिखट शेव आणि काळा मसाला वेगवेगळ्या पुड्यांत न्यावा. मुक्कामी कांदा परतून गरम पाणी ओतले की शेवभाजीचा रस्सा तयार होतो, आणि तीन रात्रींपैकी एका रात्रीच्या जेवणाचा प्रश्न निश्चित सुटतो. वांग्याचे भरीत मात्र घरून नेऊ नये. ते प्रवासात आंबते. ते शेकोटीवर, ताजे, तोरणमाळलाच करावे.

औषधांच्या पिशवीत नेहमीच्या गोळ्या, ताप-जुलाबावरचे औषध, मलमपट्टी आणि डासांचे मलम असावे. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये. घरी मुक्कामाचा पत्ता लिहून ठेवावा. पत्ते, एखादे जाड पुस्तक आणि दुर्बीण यांना सामानात हक्काची जागा द्यावी, कारण तलावाकाठच्या लांब दुपारी त्यांच्यासाठीच असतात. पाड्यांवरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

पिशवीचा चौथा भाग जाताना रिकामा ठेवावा. धडगाव–मोलगी भागात उन्हाळ्यात आंब्याच्या फोडी वाळवून केलेला आमचूर आणि तिथली भगर ही परतीची उत्तम खरेदी आहे. आमचूर बाजारात विकणाऱ्या आदिवासी बायांकडूनच घ्यावा. पैसा थेट त्यांच्या हाती जातो. रिकाम्या बाटल्या, पुड्या आणि इतर कचरा वेगळ्या पिशवीत भरून घाट उतरावा आणि शहाद्यातल्या कचराकुंडीत टाकावा.