शिकाऊ हाताचा हिशेब

बुधवारची सकाळ. उद्या गुरुवार, भोसरीची आठवड्याची सुट्टी. त्यामुळे एमआयडीसीतल्या प्रत्येक गाळ्यात आज माल काढायची घाई आहे. मी उभा आहे तो गाळा बावीस माणसांचा. तीन सीएनसी, एक व्हीएमसी, दोन जुने लेथ, आणि सगळीकडे कूलंटचा आंबूस वास.

कडेच्या लेथवर एक मुलगी काम करते आहे. आयटीआयची टर्नर. वेणी टोपीत कोंबलेली, हात उघडे. फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हा इथला पहिला धडा. ईएन-८च्या गजावर तिला ४० मिलिमीटर व्यास आणायचा आहे. वीस मायक्रॉन कमी चालेल, एक मायक्रॉन जास्त चालणार नाही. कट संपतो, ती चक थांबवते, मायक्रोमीटर लावते आणि खुशीत सांगते, "काका, बसला! पाच मायक्रॉन कमी."

फोरमनकाका जॉबला हात लावतात आणि पटकन काढून घेतात. "कूलंट सोडलं नव्हतंस ना? जरा थांब आता."

जॉब गार होतो. ती पुन्हा मोजते. आता तो तेवीस मायक्रॉन कमी भरतो. तिचा चेहरा पडतो. काका आवाज चढवत नाहीत. "गरम लोखंड फुगतं पोरी. चाळीसच्या व्यासाला चाळीस अंशांचा फरक पडला, की अठरा मायक्रॉन तिथंच गेले. पुस्तकात वाचलं होतंस, आज हाताला कळलं." मग तिची नजर चककडे वळवतात. चकची किल्ली तिथंच अडकलेली आहे. इथे मात्र आवाज चढतो. "जॉब गेला तर दुसरा गज आहे. ही किल्ली उडाली तर दुसरा डोळा कुठून आणू?"

फुकट गेलेला तुकडा लाल डब्यात पडतो. डब्यावर खडूने 'शिक्षण' असं लिहिलं आहे. उत्पादनातलं रिजेक्शन वेगळ्या डब्यात जातं, कारण मालकांना दोन्ही आकडे वेगवेगळे हवे असतात.

वर काचेच्या केबिनमध्ये हिशेब बघणाऱ्या बाई शिकाऊ उमेदवारीचं सरकारी पोर्टल उघडून बसल्या आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या गाळ्याला सक्ती नाही. म्हणजे या बावीस जणांच्या गाळ्यात कुणी जबरदस्ती केलेली नाही. पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत तीन जण बसतात आणि तिघंही घेतलेले आहेत.

"पैशांचं कसं?" मी विचारतो.

बाई बोट ठेवून दाखवतात. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांत आयटीआय झालेल्याला पहिल्या वर्षी महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन, दुसऱ्या वर्षी त्यावर दहा टक्के वाढ. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विहित विद्यावेतनाचा पाव हिस्सा उचलतं, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. पूर्वी ते मालकाला परत मिळायचे, आता थेट उमेदवाराच्या खात्यात जातात. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय शिकाऊ उमेदवाराला लागू नाहीत. अपघात झाला, तर भरपाई मात्र मालकाचीच. इथले मालक किमान रकमेवर पदरचे चार हजार घालतात, कारण भोसरीत राहणं सात हजारांत भागत नाही.

"म्हणजे सरकारचा वाटा तसा किरकोळच," मी म्हणतो.

मालक खुर्ची ओढून बसतात. ते स्वतः पिंपरीत टेल्को या वाहन कंपनीच्या अप्रेंटिस स्कूलमध्ये शिकलेले. "दीड हजारासाठी कुणी शिकाऊ घेऊ नये. खरा खर्च विद्यावेतनाचा नाहीच. खरा खर्च म्हणजे माझ्या फोरमनचा रोजचा तास. त्या तासात तो मशीन चालवत नाही, पोरांना शिकवतो. तो तास कुठल्याच पोर्टलवर भरून मिळत नाही."

"मग परवडतं कसं?"

ते बोटाने खालचं दोन नंबरचं सीएनसी दाखवतात. तिथला सेटर जॉ बदलतो, ऑफसेट टाकतो, पहिला पीस काढून गेजला लावतो आणि ओके म्हणून मशीन ऑपरेटरच्या हाती देतो. तोही इथेच शिकाऊ म्हणून आला होता. "बाहेरून सेटर आणला, तर पगार जास्त मागतो, आणि आमची ड्रॉइंग, आमची गिऱ्हाइकं, आमच्या मशीनच्या खोडी कळेपर्यंत कित्येक महिने जातात. याला त्या पहिल्या वर्षातच कळल्या."

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या गाळ्याचे मालक डबा घेऊन येतात. त्यांचा आक्षेप जुनाच आहे. "शिकवायचं आपण, आणि दोन हजार जास्त दिले की पोरगं चाकणला पळतं."

मालक भाकरी मोडत म्हणतात, "अहो, मला टेल्कोनं शिकवलं. मी कुठं राहिलो तिथं? पण चाळीस वर्षं काम त्यांच्याच गाड्यांच्या भागांचं केलं ना! सगळ्यांनी शिकवलं, तर पळालेल्याच्या जागी दुसरा शिकलेला येतो. कुणीच शिकवलं नाही, तर आपण सगळे एकाच सेटरच्या मागे पळणार."

शेजारी हसतात, पण पटलेलं दिसत नाही. त्यांच्याकडेही दोन शिकाऊ आहेत, म्हणे. काय शिकतात विचारल्यावर सांगतात, "माल उचलतात, झाडू मारतात, बर काढतात." नावाला शिकाऊ, कामाला हेल्पर.

चार वाजतात. काका तिघांना फळ्यापाशी बोलावतात. फळ्यावर टेपरचं गणित: मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५०. मुलगी खडू घेते. व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट. उत्तर शून्य दशांश एक. एक मुलगा मोबाइलवर कोन काढतो: पाच अंश त्रेचाळीस मिनिटं. तिघं लेथपाशी जातात आणि कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवतात. काका हात मागे बांधून नुसते बघत राहतात.

शिकवून झाल्यावर नोकरी द्यायची सक्ती कायदा करत नाही, फक्त भरतीचं धोरण ठरवायला सांगतो. म्हणजे मालकाला बांधून घेणारं फारसं काही नाही. फायदा मिळतो तो ज्याने काकांचा तास मोकळा केला त्यालाच. ज्याने स्वस्त हात म्हणून पोरं घेतली, त्याला वर्षाअखेर स्वस्त हातच मिळतात. बावीस माणसांच्या गाळ्याला जे जमतं, ते भोसरीतल्या इतर गाळ्यांनाही जमेल. एक शिकाऊ घ्या, रीतसर करार नोंदवा, आणि आधी ठरवा की त्याला शिकवणार कोण.