किल्ली कुणी दिली?

मंगळवारी, १५ जुलै २०२५ ला, पुण्याच्या बाल न्याय मंडळानं पोलिसांचा अर्ज फेटाळला. कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातातल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालणार नाही, हे त्यामुळे ठरलं आणि चौदा महिन्यांपूर्वीचा संताप पुन्हा उसळला. १९ मे २०२४ च्या पहाटे मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण संगणक अभियंते रस्त्यावर मेले. त्यांच्या आईवडिलांना न्याय कधी मिळणार, हा प्रश्न लोक विचारतात तो रास्तच आहे. जामिनाची अट म्हणून मुलाला लिहायला सांगितलेल्या निबंधाच्या त्या तीनशे शब्दांनी शहराला जी जखम केली, ती अजून भरलेली नाही.

तरीही आपला राग चुकीच्या ठिकाणी गोळा होतो आहे, असं मला वाटतं. सगळी चर्चा एका वयाभोवती फिरते आहे. मुलगा अपघाताच्या वेळी सतरा वर्षं आठ महिन्यांचा होता. चार महिने इकडेतिकडे झाले असते तर काय झालं असतं, हा हिशोब प्रत्येक कट्ट्यावर मांडला जातो. त्या रात्रीची प्रौढ माणसं मात्र या हिशोबात मागे पडतात.

आधी निकालाविषयी थोडक्यात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून उभं करायचं, तर गुन्हा ‘निर्घृण’ या वर्गात बसावा लागतो. म्हणजे त्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली असावी लागते. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी होती, पण किमान शिक्षा ठरवलेलीच नव्हती. दिल्लीत २०१६ मध्ये अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी असलेल्या मुलानं मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं होतं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये नेमका हाच अर्थ लावला. पुण्यातल्या बचाव पक्षाचा मुख्य आधार तोच होता. कायदा बदलायचा असेल तर संसदेनं बदलावा. मंडळानं लोकांच्या रागाकडे बघून तो वाकवावा, ही अपेक्षा मला धोक्याची वाटते.

मोठ्यांची साखळी

आता मुलाला क्षणभर बाजूला ठेवू आणि त्या रात्रीच्या मोठ्यांकडे बघू. गाडी बंगळुरूहून आलेली, तात्पुरत्या नोंदणीवरची. कायमची नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे अडकलेली, हे परिवहन खात्यानंच सांगितलं. कोट्यवधींची गाडी नंबरप्लेटशिवाय घराबाहेर पडते, तेव्हा तो निर्णय शाळकरी मुलाचा नसतो. मुलाकडे परवाना नव्हता. महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट २५ आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या टेबलावर दारू आली आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका ठिकाणचं बिल ४८ हजारांच्या घरात गेलं. पगारी चालक गाडीत असूनही चाक मुलाच्या हातात होतं, असं पोलीस म्हणतात.

त्यानंतर जे घडल्याचा आरोप आहे, ते तर अधिकच भयंकर. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलला गेला आणि मुलाच्या जागी आईचं रक्त ठेवलं गेलं. चालकानं गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबलं गेलं. आई, वडील, आजोबा आणि ससूनचे दोन डॉक्टर अटकेत गेले. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण त्यातून एक विचित्र परिणाम झाला आहे. जुलै २०२४ मध्ये दाखल झालेलं सुमारे ९०० पानांचं आरोपपत्र मुख्यतः अपघातानंतरच्या लपवाछपवीचं आहे, आणि अपघाताच्या आधी काय झालं, चाक मुलाच्या हाती कसं गेलं, हा प्रश्न लोकांच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रक्ताचे नमुने बदलणारी घरं थोडी असतील, किल्ली देणारी घरं गल्लोगल्ली आहेत.

कायदा पालकाला काय विचारतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ते लागू आहे. दंडाच्या वाढलेल्या रकमांवर तेव्हा खूप गदारोळ झाला आणि त्या गोंगाटात हे कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

कलमाचा खरा जोर त्याच्या स्पष्टीकरणात आहे. मुलानं गाडी नेली ती पालकाच्या संमतीनंच, असं न्यायालय गृहीत धरतं. ‘मला माहीतच नव्हतं’ किंवा ‘मी सगळी काळजी घेतली होती’ हे पालकानं सिद्ध करायचं असतं. आपल्या फौजदारी कायद्यात पुराव्याचं ओझं असं सहसा आरोपीवर टाकत नाहीत. संसदेनं ते इथं टाकलं, कारण घरातल्या किल्लीचा साक्षीदार घरच्यांशिवाय दुसरा कोण असणार?

पैशाच्या बाजूनंही हेच तत्त्व जुनं आहे. घरातून मोटारसायकलची किल्ली उचलून नेलेल्या अल्पवयीन नातेवाइकाच्या अपघातात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मालकालाच जबाबदार धरलं. किल्ली मुलाच्या हाती लागू न देणं हे मालकाचं काम आहे, असा त्याचा अर्थ. दिल्लीच्या त्या मर्सिडीज प्रकरणात अपघात दावा न्यायाधिकरणानं जुलै २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल आठ वर्षांनी, सुमारे १ कोटी ९८ लाखांची भरपाई मंजूर केली. पैसे विमा कंपनीनं आधी भरायचे आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली, तर विमा असून नसल्यासारखा आहे, हे मध्यमवर्गीय पालकांनी कागदावर लिहून कपाटाला चिकटवावं.

मित्र बघत असतात तेव्हा

या विषयावर ज्या एका माणसाचं काम प्रत्येक पालकापर्यंत पोचायला हवं, तो म्हणजे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग. २००५ मध्ये त्यानं आणि मार्गो गार्डनर हिनं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वयोगटांतल्या ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे जायचं, एवढाच निर्णय. जितकं पुढे जाल तितके गुण, पण मध्येच भिंत आली तर सगळे गुण गेले. काहींनी हा खेळ एकट्यानं खेळला, काहींनी दोन मित्रांना शेजारी बसवून. मित्र आले की तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा धोका पत्करण्याचा कल झपाट्यानं वाढला. चोविशीच्या पुढच्यांवर मित्रांचा म्हणावा तसा परिणामच झाला नाही.

२०११ मध्ये याच चमूनं तसाच खेळ मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून खेळायला लावला. या वेळी मित्र शेजारीही नव्हते, फक्त बाजूच्या खोलीतून पडद्यावर बघत होते. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकीच सांभाळून खेळली. मित्र बघताहेत एवढं कळलं, आणि त्यांच्या मेंदूतला बक्षिसाच्या ओढीचा भाग पेटून उठला. मोठ्यांत तसं झालं नाही.

स्टाइनबर्गचं सांगणं असं, की शांतपणे विचार करायची क्षमता सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ मोठ्यांइतकी होते. भावनेच्या भरात, मित्रांच्या गराड्यात स्वतःला आवरायची क्षमता मात्र विशीच्या पुढे जाईपर्यंत कच्ची राहते. आपण पालक नेमके इथं फसतो. दुपारी जेवताना मुलाशी बोललो, तर तो हेल्मेटपासून वेगमर्यादेपर्यंत सगळं बरोबर सांगतो. ‘त्याला सगळं कळतं हो’ असं आपण कौतुकानं म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण किल्ली वापरली जाते ती रात्री एक वाजता, मागच्या सीटवरून ‘काढ ना अजून’ असा पुकारा होत असताना. दुपारचा मुलगा आणि रात्रीचा मुलगा यांच्यातला हा फरक चारित्र्याचा नाही, वयाचा आहे.

स्टाइनबर्गच्याच आधीच्या लेखनाचा आधार २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयीनांची फाशी रद्द करताना घेतला होता. आपला बाल न्याय कायदाही त्याच समजुतीवर उभा आहे. आणि म्हणूनच माझा मुद्दा असा, की मुलाला ज्या कारणासाठी सवलत मिळते, त्याच कारणासाठी पालकाला ती मिळता कामा नये. मुलाचा मेंदू रात्री ब्रेक लावू शकत नाही असं आपण मान्य केलं, तर ब्रेक लावण्याचं काम घरातल्या मोठ्यांकडे येतं. एकाच श्वासात ‘तो लहान आहे’ आणि ‘त्यानं नेली, आम्ही काय करणार’ असं म्हणता येणार नाही.

रात्रीचा म्हणून एक वेगळा धोकाही आहे, आणि तो दारू न पिणाऱ्या मुलांनाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी खालावते. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. सकाळी सातला क्लाससाठी उठलेला मुलगा रात्री बाराला घरी निघतो, तेव्हा थेंबही न घेता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. त्यात रिकामा रस्ता. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. पाय ब्रेककडे वळेपर्यंत चौक ओलांडलेला असतो. विजेवरच्या दमदार गाड्यांत तर पेडल दाबताच सगळा जोर हजर होतो, आणि वेग वाढल्याची वर्दी देणारा इंजिनाचा आवाजही नसतो.

पोर्शे एखाद्याकडे, स्कूटर घरोघरी

हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या बंगल्यांचा आहे, असं समजून आपण सुटू नये. पुण्यात अकरावीत गेलेल्या मुलाला स्कूटर मिळणं हा जवळजवळ हक्क झाला आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, हे अर्धवट ऐकलेलं असतं. तो मिळतो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, म्हणजे लुनाच्या काळातल्या गाड्यांसाठी. आज घरोघरी असलेल्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत. सोळा-सतराचा मुलगा ती चालवतो तेव्हा, खिशात तो परवाना असला तरी, कायद्याच्या लेखी विनापरवानाच असतो, आणि त्याची आई किंवा वडील कलम १९९-अ मध्ये बसतात.

पालकांची अडचण मला कळते. क्लास एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला, पीएमपीची बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही. कल्याणीनगरला मेट्रो पोचली ती मार्च २०२४ मध्ये, अपघाताच्या अडीच महिने आधी. पण मध्यरात्रीनंतर घरी परतणाऱ्याला ती उपयोगाची नाही. रात्री चालणारी सार्वजनिक वाहतूक या शहरानं कधी मनावर घेतली नाही आणि तिची किंमत आपण मुलांच्या हाडांनी मोजतो आहोत. महापालिका आणि पीएमपी यांना याचा जाब विचारलाच पाहिजे. पण बस नाही हे किल्ली देण्याचं कारण होऊ शकत नाही.

इतर देशांनी या वयासाठी मधली पायरी बांधली. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला: नवख्याला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं चालवायची मनाई, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर मित्रांना बसवायलाही मनाई. न्यू जर्सीत, जिथं मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, सतरा वर्षांच्या चालकाला रात्री अकरानंतर सहसा गाडी काढता येत नाही आणि गाडीत एकच सोबती चालतो. रात्र आणि मित्र या दोनच गोष्टींवर तिथल्या कायद्यानं बोट ठेवलं; त्यातल्या मित्रांवर स्टाइनबर्गच्या प्रयोगानंही ठेवलं. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले, शिकाऊ परवान्याचे तीस दिवस संपले, चाचणी पार पडली, की दुसऱ्याच रात्री चार मित्र भरून लोणावळ्याला जायची मुभा आहे. केंद्रानं ही उणीव भरून काढायला हवी.

तोवर नियम घरानंच करावा लागेल. अठराच्या आत किल्ली नाही, सोसायटीच्या आवारातही नाही. अठरानंतरचं पहिलं वर्ष रात्री दहाच्या पुढे चाक नाही, आणि मागे मित्रमंडळ नाही. आणि यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा नियम पालकांसाठी: मुलगा किंवा मुलगी कुठेही, कुठल्याही अवस्थेत अडकली आणि तिनं फोन केला, तर त्या रात्री एक शब्द न बोलता न्यायला जायचं. बोलणी दुसऱ्या दिवशी. शिव्यांच्या भीतीनं स्वतःच गाडी काढून निघालेलं मूल परत मिळेलच असं नाही.

पोलिसांकडून मागणी एकच. कलम १९९-अ दोन मृतदेह पडल्यावर बाहेर काढू नका. कॉलेजच्या आणि क्लासच्या दारात उभे राहा, अल्पवयीन चालकाची पावती फाडून त्याला सोडून देऊ नका, त्याच्या पालकांना बोलवा आणि खटला भरा. शंभर घरांत समन्स पोचलं, तर त्याची चर्चा हजार घरांत होईल.

मंडळाच्या निकालानंतर मुलाचा खटला त्याच्या वाटेनं जाईल. त्याच्या वयाचा वाद न्यायालयांनी ठरवायचा आहे. आपल्या वयाचा वाद नाही. किल्ली आपल्या हातात आहे, ‘नाही’ म्हणायचं काम आपलं आहे, आणि ते न केल्याची शिक्षा आपल्याला व्हावी यात अन्याय काहीच नाही.