वेलीवरचे भांडवल

सोन्याच्या पेढीवरील तराजू एके काळी एका वेलीच्या बियांवर चालत असे. ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा, म्हणजे तोळाभर सोन्याला ९६ गुंजा. ‘वाल’ हेही पेढीवरच्या वजनाचेच नाव होते; त्याचे प्रमाण मात्र प्रांताप्रांतांत बदलत असे. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने रूढ झाली आणि ही बीजे तराजूतून उतरली. गुंज आणि वाल या दोन्ही शेंगा धरणाऱ्या, एकाच कुळातील वेली. या कुळातील काही देखण्या, पण आता घरोघरी न दिसणाऱ्या वेलींना घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या गॅलरीत सहज जागा देता येते. त्यासाठी मूठभर बी, एक मोठी कुंडी आणि थोडा धीर पुरेसा असतो.

वेलींची निवड

आरंभ गोकर्णापासून करावा. निळी, पांढरी, एकेरी, दुहेरी अशी तिची फुले पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांत येऊ लागतात. फुलाचे पाणी गडद निळे होते आणि त्यात लिंबू पिळताच जांभळे दिसते. लहान मुलांना या प्रयोगाचे मोठे कौतुक वाटते.

दुसरी वेल जांभळ्या वालाची. तिचे देठ, फुले आणि शेंगा या साऱ्यांवर जांभळी झाक असते आणि उन्हात शेंगा रेशमासारख्या चमकतात. संक्रांतीच्या उंधियोत जी पापडी पडते, ती याच वालाच्या जातीची. तिसरा चौधारी घेवडा. फिकट निळी फुले आणि चार कडांना झालर लावल्यासारखी शेंग ही त्याची ओळख. त्याच्या मुळाशी कंद धरतो. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरात तो अर्थातच मातीतच राहील. कोवळ्या शेंगेची भाजी मात्र उत्तम होते. चौथी अबई. गुलाबी-जांभळ्या फुलांनंतर तिला तलवारीसारख्या, हातभर लांब शेंगा लागतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुंजेचे बी कितीही मोहक असले तरी ती वेल घरात लावू नये. चावलेले एक बीही जिवावर बेतू शकते. वाल आणि अबई यांचे पक्व दाणे कच्चे कधीही खाऊ नयेत. ते भिजवून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मगच वापरावेत.

पेरणी आणि ऋतू

या बियांचे कवच टणक असते. गोकर्णाचे बी डोळ्याच्या विरुद्ध बाजूस पॉलिश पेपरवर हलके घासावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. फुगलेले बी लगेच पेरावे. न फुगलेले पुन्हा घासावे. कुंडी १२ ते १५ इंचांची, तळाला मोकळी छिद्रे असलेली असावी. बी एक इंचाहून खोल पुरू नये. उपनगरांतील जून-जुलैच्या मुसळधार पावसात बी कुजण्याचा धोका मोठा. म्हणून रोप चार-सहा पानांचे होईपर्यंत कुंडी छज्जाखाली ठेवावी. त्यानंतर मात्र दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवेच. ग्रिलला सुतळी बांधून दिली की वेल आपली वाट आपणच शोधते.

गोकर्ण लवकर फुलते. परंतु वालाचे जुने वाण आणि चौधारी घेवडा यांना दिवस लहान होण्याची वाट पाहावी लागते. आषाढात पेरलेली वेल श्रावण-भाद्रपदात केवळ पाने वाढवते. त्यामुळे वेल वांझ निघाली, असे समजून अनेक जण ती उपटून टाकतात. वस्तुतः चातुर्मासात, जेव्हा अनेक घरांत पालेभाजी वर्ज्य असते, तेव्हा ही वेल केवळ डोळ्यांसाठी असते. चातुर्मास संपण्याच्या सुमारास तिला फुलांचे तुरे येऊ लागतात आणि थंडीत शेंगा भरतात.

जीवदया आणि मावा

थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो आणि त्यामागोमाग मुंग्या येतात. बाजारातील विषारी फवारा जैन घराला रुचणारा नाही. म्हणून उपाय आधीच करावा लागतो. मावा लुसलुशीत वाढीकडे ओढला जातो आणि अशी वाढ बहुधा अति खतामुळे होते. शेंगावर्गीय वेलींच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र वेलीला मिळवून देतात. तेव्हा युरियाची गरजच नाही. शेणखत किंवा घरचे कंपोस्ट थोडेसे पुरते. कुंड्यांत अंतर ठेवावे, हवा खेळू द्यावी. इतके करूनही एखादा शेंडा माव्याने भरलाच, तर तो खुडून आवारातील झाडाखाली ठेवून द्यावा. हिंसा सर्वस्वी टळते असे नाही. ती कमी करण्याचा विवेक मात्र हातात राहतो.

बी राखणारे हात

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण वालासह अनेक पिकांची गावरान बियाणी त्यांनी जपली, वाढवली आणि शेतकऱ्यांना वाटली. बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बीजबँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्र त्यांना ‘बीजमाता’ म्हणून ओळखतो. त्यांच्या कार्याचा अर्थ साधा आहे. वाण केवळ कपाटात टिकत नाही. बियांची उगवणशक्ती वर्षागणिक घटते. जे बी पेरले जात नाही, ते काही वर्षांत निर्जीव होते आणि त्याबरोबर ती चव, तो रंग, तो गंधही जातो.

बी राखण्याची विद्या व्यापारी घरांना परकी नाही. वर्षाच्या गव्हा-तांदळाला एरंडेल चोळून ठेवणारी आजी हेच करत असे: कीड मारण्याऐवजी कीड पडूच न देणे. वेलीवरच्या पहिल्या, जोमदार चार-पाच शेंगा तोडू नयेत. त्या वेलीवरच वाळू द्याव्यात. गोकर्णाच्या शेंगा मात्र तडकून बी दूर उडण्याआधीच काढाव्यात. दाणे सावलीत खडखडीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत आणि वर वाणाचे नाव व साल लिहावे. पुढील पावसाळ्यात त्यांतील निम्मेच पेरावेत. पहिली पेरणी पावसाने नेली, तर दुसरी हाती असते.

भांडवल खाऊन धंदा चालत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. वेलीचे भांडवल म्हणजे तिचे बी. मात्र ते तिजोरीत नव्हे, वाटल्याने सुरक्षित राहते. मुलुंडच्या गॅलरीतील दहा दाणे बोरिवलीतील लेकीच्या घरी आणि दहा शेजारच्या दारी गेले, तर एके वर्षी एखादी वेल गेली तरी वाण जात नाही. कधी काळी तोळ्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या बियांच्या कुळाचे इतके ऋण फेडणे या घरांना जड नाही.