खाटा, पाळ्या आणि राहून गेलेली कामे
(लेखांक चौथा)

मागील लेखांकात परिचारिकांचे शिक्षण आणि भरती यांचा विचार झाला. प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयात रुजू झाल्यावर तिला ज्या परिस्थितीत काम करावे लागते, त्या परिस्थितीचा रुग्णाच्या प्रकृतीशी काय संबंध असतो, हा या लेखांकाचा विषय आहे. हा संबंध सहसा नजरेआड होतो, कारण अपुरी पदे, नाकारलेल्या रजा आणि लागोपाठच्या रात्रपाळ्या या गोष्टी कर्मचारी संघटनांच्या मागण्या म्हणून चर्चेत येतात, तर रुग्णाचा मृत्यू किंवा त्याला झालेला जंतुसंसर्ग ही वैद्यकीय घटना समजली जाते आणि तिची चर्चा डॉक्टर, औषधे व यंत्रसामग्री यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेले बहुतेक उपचार परिचारिकेच्या वेळेतूनच रुग्णापर्यंत पोहोचतात, आणि तो वेळ अपुरा पडला की उपचार कागदावर पूर्ण आणि खाटेवर अपूर्ण राहतो.

अमेरिकी संशोधक जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘बचावातील अपयश’ या अर्थाची एक संकल्पना मांडली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवेल की नाही हे बऱ्याच अंशी रुग्णाचे वय आणि मूळ आजार यांवर ठरते. परंतु गुंतागुंत झालेल्यांपैकी किती जण दगावतात, हे रुग्णालयाच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते, असा तिचा आशय आहे. श्वासाचा वेग वाढणे, लघवी कमी होणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे ही लक्षणे प्रकृती ढासळण्याच्या कित्येक तास आधी दिसू शकतात, आणि ती दिसतात तेव्हा खाटेजवळ बहुधा परिचारिका असते किंवा कोणीच नसते. संशोधक लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांमधील सुमारे २ लाख ३२ हजार शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २००२ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने वाचला पाहिजे. प्रत्येक परिचारिकेमागे सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि त्याच एका वाढीव रुग्णापायी परिचारिकांना भावनिक थकवा, म्हणजे सततच्या ताणाने कामाविषयीची आस्थाच आटून जाण्याची अवस्था, येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढली होती.

वेळ कमी पडला तर परिचारिका नेमके काय सोडून देते, हा प्रश्न बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये थेट परिचारिकांनाच विचारला. उत्तरांत रुग्णाची कूस बदलणे, त्याला उठवून चालवणे, भरवणे, तोंडाची स्वच्छता, पोटात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद, घरी सोडताना पथ्यपाणी समजावून सांगणे ही कामे पुन्हा पुन्हा आली. या निवडीत आळस शोधणे अन्यायाचे आहे. इंजेक्शन चुकले तर ते केसपेपरवर उघडे पडते आणि जाब विचारला जातो. कूस बदलायची राहिली तर त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र एकाच जागी दीर्घकाळ दाब पडला की त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्ताअभावी तेथील ऊती मरू लागतात आणि माकडहाड, टाचा, नितंब या ठिकाणी शय्याव्रण, म्हणजेच ज्यांना घरोघरी ‘बेडसोअर’ म्हटले जाते त्या जखमा, होतात. त्या टाळण्यासाठी साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि लकवा झालेल्या धिप्पाड माणसाची कूस एकटीला बदलता येत नाही. बदलू पाहणाऱ्या परिचारिकेला पाठदुखी मात्र कायमची जडते.

हे काम नेटाने केले तर काय साधते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयात कपडे बदलण्यासाठी तळघरात गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला, त्यात त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. तोवरच्या एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता, याची सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविषयीच्या ७ मार्च २०११ च्या निकालात गौरवाने दखल घेतली. ज्या व्यवस्थेला आपल्या परिचारिकेचे कामाच्या ठिकाणी रक्षण करता आले नाही, तिच्याच आवारात परिचर्येने गाठलेली ही उंची आहे. गौरव होताना पहिली बाब बहुधा मागे पडते.

आता संख्येकडे वळता येईल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव पदे असावीत. हा आकडा ऐकणाऱ्याचा समज असा होतो की, एका परिचारिकेने तीन रुग्ण पाहायचे असतात. तो समज चुकीचा आहे, कारण हे प्रमाण एकूण पदांचे आहे. तीन पाळ्यांत विभागल्यावर निकषच एका पाळीत नऊ खाटांमागे एक असा होतो. समजा, ३० खाटांचा वॉर्ड आहे. त्यासाठी १० आणि राखीव ३ अशा १३ अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) हव्यात. त्यांपैकी ४ पदे रिक्त असतील तर ९ उरतात, साप्ताहिक सुटी वजा जाता दिवसाला सरासरी आठही हाती लागत नाहीत, आणि रात्रपाळीनंतरची विश्रांती, आजारपण, बाळंतपणाची रजा हे सारे त्यातूनच भागवायचे असते. डॉक्टरांचे राऊंड, शस्त्रक्रिया आणि नव्या भरत्या सकाळी असल्याने परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, वेळापत्रक लावताना सकाळी चार, दुपारी दोन आणि रात्री एक असे करते; याहून वेगळे करायला तिच्याकडे माणसेच नसतात.

शिवाय निकष खाटा मोजतो, रुग्ण मोजत नाही. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण वाढले की सरकारी व महापालिका रुग्णालयांत जमिनीवर गाद्या पडतात, आणि मंजूर खाटा ३० असल्या तरी रुग्ण ५० होतात. कागदावरचे एकास तीन हे प्रमाण रात्री दोन वाजता एकास पन्नास झालेले असते, आणि तरीही पदनिश्चितीत काही फरक पडत नाही. कॅलिफोर्नियात २००४ पासून अंमलात असलेल्या कायद्याने वैद्यकीय व शस्त्रक्रिया वॉर्डांसाठी पुढे एकास पाच ही मर्यादा घातली, आणि ती पदांची नसून त्या क्षणी कामावर हजर असलेल्या परिचारिकांची आहे. एखादी जेवायला गेली तरी मर्यादा मोडता येत नाही.

अपुऱ्या संख्येबरोबर व्यत्ययही येतात. सिडनीतील दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात निम्म्याहून अधिक वेळा औषध देताना परिचारिकेला कोणीतरी मध्येच थांबवले होते, आणि प्रत्येक व्यत्ययाबरोबर चुकीचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होता. आपल्याकडच्या वॉर्डात नातेवाइकांचे प्रश्न, वाजणारा फोन, औषधांचे इंडेंट म्हणजे मागणीपत्र, धोब्याकडे जाणाऱ्या चादरींची मोजणी आणि ‘डेड स्टॉक’चे रजिस्टर हे सारे त्याच एका व्यक्तीकडे असते. औषधे वाटणाऱ्या परिचारिकेने ‘व्यत्यय नको’ असे लिहिलेला ॲप्रन घालावा, हा परदेशात योजलेला उपाय येथे सुचवणे सोपे आहे. परंतु वॉर्डातील एकमेव परिचारिकेने ॲप्रन घातला तर फोन कोणी घ्यायचा, याचे उत्तर त्यात नाही. चूक घडल्यावर चौकशी मात्र शेवटच्या हातापाशी थांबते, आणि निलंबनाच्या भीतीने किरकोळ चुका कळवल्याच जात नसल्याने मोठ्या चुकीची पूर्वसूचनाही रुग्णालयाला मिळत नाही.

सुरुवातीला उल्लेखलेल्या एकन यांच्या अभ्यासावर एक रास्त आक्षेप होता. चांगल्या रुग्णालयात सगळेच चांगले असते, त्यामुळे तेथील कमी मृत्यूंचे श्रेय परिचारिकांच्या संख्येलाच का द्यावे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठरावीक वॉर्डांत दिवसा एकास चार आणि रात्री एकास सात असे किमान प्रमाण लागू केले, तेव्हा याची पडताळणी करता आली. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियम लागू झालेल्या २७ रुग्णालयांत मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले, तर नियम नसलेल्या २८ रुग्णालयांत तशी घट आढळली नाही, आणि पुन्हा भरती होणे टळल्याने व मुक्काम कमी झाल्याने वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. महाराष्ट्रात हा हिशेब तसाच मांडता येत नाही, कारण येथे परिचारिकेचा पगार शासनाच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यावर दिसतो, आणि शय्याव्रणापायी वाढलेल्या मुक्कामाचा मोठा भाग, म्हणजे सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेली मलमपट्टी व गावापासूनचे जाणे-येणे, रुग्णाच्या घरच्यांच्या खिशातून जातो आणि कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदला जात नाही.

(क्रमशः)